मान नाही, फक्त डोळे

"मान नाही हलवायची. फक्त डोळे."

एवढं म्हणून बाई उजव्या हाताची दोन बोटं उचलायच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर माझ्यासारखंच म्हणाला असता, एवढ्यासाठी लोक हिंजवडीहून सुट्टी टाकून येतात?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, म्हणून आम्ही त्यांना वरच्या बाई म्हणायचो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी मानसशास्त्राचं शिक्षण पुरं केलं होतं. एखाद्या भयंकर आठवणीत जे अडकून पडलेत, त्यांच्यावर त्या हे डोळ्यांचे उपचार करत. आठवण मनात धरायची आणि नजर बोटांमागे न्यायची. त्यांच्या मते आठवण त्यानं जात नाही, फक्त चावायची थांबते.

दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: "जाताना आपल्याच चपला घालाव्यात. रडलेल्या डोळ्यांनी चूक होते."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. राहत्या जागेत व्यवसाय चालतो, अशी तक्रार आली तेव्हा मी महिनाभर नोंद ठेवली आणि नोटीस घेऊन वर गेलो.

"एकेचाळीस माणसं आली," मी वाचून दाखवलं. "त्यांतली सतरा रडत उतरली."

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "दोघं लिफ्टनं गेले. तुम्ही जिन्यात उभे होतात."

मी वही मिटली.

"आणि सेक्रेटरी, माझीही एक नोंद आहे. गॅलरीतून दिसतं. तुमचं ऑफिस उजवीकडे, आणि तुम्ही रोज गाडी काढता डावीकडे. का हो?"

मी तसाच खाली उतरलो. नोटीस दिलीच नाही.

उजवीकडे तो चौक लागतो. तिथं एका टँकरनं आमच्या स्कूटरला धडक दिली होती. मागे माझी बायको बसली होती. मी उठलो, ती उठली नाही. तेव्हापासून मी दोन किलोमीटरचा वळसा घालून जायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, नऊ वर्षं झाली आता." मी म्हणायचो, "आठ वर्षं दहा महिने." या सगळ्या काळात मी रडलो नव्हतो. नोंद असती तर शून्यच असती.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. पहिल्या तीन खेपांना त्यांनी बोटं उचललीच नाहीत. नुसतं बोलणं. चौथ्या खेपेला विचारलं, "तो चौक डोळ्यांसमोर आणा. शून्य ते दहा, त्रास किती?"

"साडेसात."

"पूर्णांकात सांगा. भाजी नाही घ्यायची आपल्याला."

मग बोटं फिरली. थांबली. "श्वास घ्या. काय आलं?"

"चोवीस," मी म्हणालो.

"काय चोवीस?"

"फेऱ्या. चोवीस झाल्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पुन्हा बोटं फिरवली. "काय आलं?"

"सव्वीस. दोन जास्त झाल्या."

"अहो, मी काय आलं ते विचारतेय. माझ्या बोटांचं ऑडिट नको."

असे दोन आठवडे गेले. मला मोजल्याशिवाय बसताच येईना. चिडतील असं वाटलं होतं, पण एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, "मोजा मग. पण त्या दिवशी काय मोजत होतात, तिकडे बघा."

बोटं फिरली. सिग्नलवरचे लाल आकडे आले. उलटे जाणारे. पाच, चार, तीन. शून्य होईपर्यंत आपल्याकडे थांबतं कोण? तीन दिसले की सगळा चौक गिअर टाकतो. मीही टाकला. आकडा दोनवर होता आणि मी निघालो होतो. उजवीकडून येणाऱ्या टँकरला अजून वाट होती.

पोलिसांना मी सांगितलं होतं, सिग्नल सुटला होता. मुलीलाही तेच सांगितलं होतं. मुख्य म्हणजे मला स्वतःला तेच आठवत होतं. आयुष्यात एकही खाडाखोड न केलेला माणूस मी, आणि हीच एक नोंद चुकीची! मी त्यांना विचारलं, "म्हणजे हे खरं आहे?"

"ते मला ठाऊक नाही. मी तिथं नव्हते. आलं ते आलं." मग हळूच, "आता किती?"

"दहा."

बोटं खाली ठेवून त्या तशाच शेजारी बसून राहिल्या. पुढचा माणूस बाहेर खोळंबला होता, तरी. पुढच्या काही आठवड्यांत दहाचे सात झाले, सातांचे चार. मुलीला मी खरं ते सांगितलं. तिनं उठून माझ्यासाठी चहा टाकला. "एक दिवस उजवीकडे वळाल," बाई म्हणायच्या. "मला सांगा मात्र. मी नोंद करून ठेवीन."

मग एका सकाळी त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा फोन आला. "साहेब, बाई पडल्या. दवाखान्यात नेलंय." बाईंचं जवळचं कुणी पुण्यात नव्हतं. मी होतो तसा निघालो. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली आणि सवयीनं मीटरकडे पाहिलं. चार किलोमीटर. चौकाला वळसा घालून सहा व्हायला हवे होते.

मी तिथंच उभा राहिलो. मग आठवलं, मघाशी मागून कुणीतरी ओरडलं होतं, "ओ काका, निघा की!" म्हणजे मी चौकात शून्य होईपर्यंत थांबलो होतो.

वर गेलो. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात, तोच हात, चादरीवर निर्जीव पडला होता. वाचा गेली होती. एक तरुण डॉक्टर त्यांच्या तोंडापुढे बोट धरून म्हणत होता, "आजी, मान नाही हलवायची. फक्त डोळे."

त्यांचे डोळे डावीकडून निघायचे, मध्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. बोट पुढे निघून जायचं. डॉक्टरनं पुन्हा बोट फिरवलं. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, जिथं त्यांची नजर होती. म्हटलं, "बाई, चौकातून आलो. सरळ. त्रास दोन. शून्य नाही अजून, पण दोन." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. कळलं की नाही, कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. घरी आणलं तेव्हा जिना माणसांनी भरला होता. सगळे त्यांच्याच खुर्चीत कधी ना कधी बसलेले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि वर ती पाटी.

सगळं आटोपून खाली माझ्या दाराशी आलो. मुलीनं माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मग मीही पाहिलं. उजव्या पायात माझी चप्पल होती. डाव्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी.