नाकावरचा हरभरा

ज्याचं कौतुक ऐकलं की माझं पित्त खवळतं असा माणूस अख्ख्या जामखेड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा वर्गमित्र आहे. आम्ही दोघंही डॉक्टर, दवाखाने एकाच गल्लीत. माझ्याकडे एसी आणि मोठा बोर्ड, त्याच्याकडे गर्दी. हा गृहस्थ पेशंटचा चेहरा डोळे मिटून चाचपतो. खिशात गोळ्यांची जुनी डबी, तिच्यात ज्वारी, मूग, तूर, हरभरा असा एकेक दाणा. कुणाला गाठ दिसली की शेजारी दाणा धरून मापतो आणि वहीत लिहितो. खर्ड्याच्या एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामांच्या मानेवरची गाठ भर पंगतीत मापली. मामा चिडायचं सोडून दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्यात हजर. माझ्याकडे असे मामा कधी आले नाहीत.

माझ्या नाकाच्या बाजूला काही वर्षांपासून एक गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिला अवाळू ठरवून टाकलं होतं. तो भेटला की हात पुढे करायचा आणि मी झटकायचो. माझ्या नाकाचं निदान समोरच्या दवाखान्यानं करावं, हे मला मानवणारं नव्हतं. यंदा दिवाळीच्या फराळाला आला तेव्हा मात्र त्यानं मला धरलंच आणि गाठ बोटाखाली फिरवली.

"अवाळू न्हाई ही. लई टणक हाय. काढून तपासाय पाठवू."

"कॅन्सर?"

"आत्ताच न्हाई सांगता येत," तो म्हणाला आणि हातातला लाडू खाली ठेवला.

गाठ त्यानंच काढली. रिपोर्टला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस मी भ्यालेला होतो. मग कळलं, त्वचेतली मिश्र गाठ: घामाच्या ग्रंथी आणि कूर्चेसारखा भाग एकत्र, निरुपद्रवी, पण फार दुर्मीळ. मी सुटलो. पण डॉक्टरांच्या बैठकीत पडद्यावर नाक माझं आणि टाळ्या त्याला. त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात व्रण दाखवायला गेलो. तो आत पेशंट बघत होता, वही बाहेरच्या टेबलावर होती. मी चाळली. चार वर्षांपूर्वीच्या पानावर माझं नाव, पुढे 'अंदाजे मूग'. नंतर 'तूर. हात लावू देत नाही.' यंदाच्या पानावर 'हरभरा. आता सोडायचा नाही.'

तो बाहेर आला, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि व्रण बघत राहिला. इतक्या जवळून मीही त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्या डाव्या डोळ्याखाली एक तीळ होता. तो जुना की नवा, मला सांगता येईना.