यादीतलं आठवं वर्तुळ

माझ्या फ्रीजवर कायम तीन याद्या असतात. त्यात भुताखेतांसाठी रकाना कधीच नव्हता... अजूनही नाही. तरी झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्ही टोकियोत फुनाबोरीला राहतो. कोतोमधल्या एका अँटिक सामानाच्या गोदामात मी पार्ट-टाइम काम करते. इंग्लंडहून जुन्या फायरप्लेसच्या दगडी चौकटी येतात, त्यांच्या नोंदी माझ्याकडे. त्यातली एक काळसर संगमरवराची होती. दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीची पोवळी अडकलेली – कांद्याच्या चकत्यांसारखी पांढरी वर्तुळं. खांब ओळखता यावेत म्हणून मी ती मोजून ठेवली होती. डाव्यावर सात, उजव्यावर अकरा.

इथे प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून मोठ्यांदा "योशी!" – म्हणजे ठीक आहे – म्हणायची पद्धत. ती मला शिकवली चौकटी बसवणाऱ्या मोरिता-साननी. वय सत्तर.

तीन दिवसांच्या सुट्टीआधीची दुपार. "निघतो हं, जोशी-सान," म्हणून ते गेले. कुलूप लावण्याआधी मी शेवटची फेरी मारली. डावा खांब... आठ! प्रत्येक वर्तुळावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. आठच. यादीत ८ लिहिलं, टिक केली, पण चैन पडेना. जुनी यादी मागच्या खोलीत होती. म्हटलं, आत्ताच ताडून बघू.

दार उघडलं तर मोरिता-सान जमिनीवर पडलेले. ओठ निळे. हातमोजे ठेवायला वळले असावेत. मी ११९ लावून ॲम्ब्युलन्स बोलावली.

"तीन दिवस कसले, अजून तासभर गेला असता तरी..." सुट्टीचं कळल्यावर डॉक्टर म्हणाले.

घरी नवरा म्हणाला, "तुझी यादी चुकली? अगं, हाच खरा अमानवीय प्रकार!"

त्या चौकटीचं गिऱ्हाईक, ती मोरिता-साननीच बसवावी म्हणून थांबलं होतं. दोन महिन्यांनी ते परतले तेव्हा आम्ही दोघांनी बोट दाखवत वर्तुळं मोजली. सात. आल्या दिवशीच्या फोटोतही सात.

"इंडियावाले गणितात पक्के असतात ना, जोशी-सान?" ते हसले. मग टोपी काढून खांबासमोर कमरेत वाकले... बराच वेळ. मीही हात जोडले.

चौकट आता कोणाच्या तरी घरात आहे. खुलासा माझ्याकडे नाही. चुकलेला आकडा मी लगेच दुरुस्त करते, सगळ्यांना माहीत आहे. तो ८ मात्र फाइलमध्ये तसाच आहे, टिकेसकट.