तिसरा पुकारा

मला लिहिता येत नाही. आमच्या घरात आधी कुणी लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठून सुरू करावं हे विचारायलाही कुणी नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण सांगितल्याशिवाय राहवेना.

नगरला मी वकिली शिकतो. दिवाणी प्रक्रियेच्या तासाला सर समन्सवर आले होते. प्रतिवादी घरी नसेल, लवकर सापडण्यासारखा नसेल, तर बेलिफ समन्स दाराला चिकटवतो. बजावणी झाली असं धरतात. तारखेला तो आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. मी उभा राहिलो. घाबरलो की माझ्या तोंडी घरचीच भाषा येते.

“सर, समदं घरच उसाला गेलं आसंल तर?”

वर्ग हसला. सरही हसले. “मग काय, उसाला चिकटवायचं का समन्स?”

त्या दिवसापासून माझं नाव ‘कोयता’. मेसमध्ये, जिन्यात. “ए कोयता, सरक.”

मी उगाच विचारलं नव्हतं. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला. दिवाळी झाली की ऊसतोडीपायी आमची सगळी आळी कुलूपबंद. मी इकडं शिकायला येण्याआधी आम्ही देवळाली प्रवराकडं तोडीला होतो, तेव्हा गावातल्या एका बागायतदाराने आमच्या घराखालची जागा आपली म्हणून दावा लावला. उन्हाळ्यात परतलो तर दारावर खळीचा डाग होता. कागद नव्हता. जागा खाली करायचा हुकूम झालाय, हे आबांना, माझ्या वडिलांना, चहाच्या टपरीवर कळलं. हुकूम रद्द व्हावा म्हणून त्यांनी अर्ज दिला. आमचं घर त्या अर्जावर उभं होतं.

मग वर्गात सरावाचं कोर्ट भरलं. मी वकिलाचं काम मागितलं. सर म्हणाले, “तुझा आवाज उसाच्या फडातला. तू पट्टेवाला हो.”

पट्टेवाल्याने दाराशी उभं राहून गैरहजर प्रतिवादीचं नाव तीनदा पुकारायचं. ओ आली नाही की पुढे एकतर्फी. मी पुकारलं. मागून कुणी म्हणालं, “उसात गेलाय.” हशा. दुसऱ्यांदा माझा आवाज फाटला. आबांचं नावही असंच कुणीतरी रिकाम्या व्हरांड्यात घेतलं असेल. तेव्हा आबा ऊस तोडत होते. मी मागं मोळ्या बांधत होतो.

तिसऱ्यांदा पुकारलं नाही. आत जाऊन प्रतिवादीच्या जागेवर उभा राहिलो.

“प्रतिवादी हजर आहे.”

“नाटक करू नकोस. जा, पुकार.”

“न्हाई पुकारनार, सर.”

सरांनी बाहेर काढलं. प्रात्यक्षिकाचे गुणही गेले. जिन्यात जाऊन बसलो. शूर वगैरे काही वाटलं नाही. नुसती भीती वाटली.

परवा आईचा फोन आला.

“अर्ज फेटाळला म्हनत्यात. दार काढून नेलं. सामान शाळंच्या पडवीत हाय. तू नको येऊ. परीक्षा दे.”

त्या हुकमावर अपील होतं. एवढं मी शिकलोय. तोडीची माणसं ठरवणाऱ्या मुकादमाला लगेच फोन केला. या साली आमचा कोयता, म्हणजे आई-आबांची जोडी, तोडीला धरू नका म्हणालो.

“मग खाताल काय?” त्यानं विचारलं.

पण अपिलात नाव पुकारतील तेव्हा आबा दारातच उभे असतील. शेजारी मी.