लाकडाच्या बहिणीचा हात

खोटं सांगत असेन तर जीभ झडो! लंडनमधली माझी शेजारीण ताईवो नायजेरियाची, योरुबा जमातीची. तिची जुळी बहीण तान्हेपणीच गेली. रिवाजाप्रमाणे तिच्या जागी लाकडी बाहुली आली, कमरेवर हात कोरलेली. ताईवो तिला रोज भरवते.

नगरपालिकेत योरुबांचं कुणीच नव्हतं. म्हणून आपला उमेदवार निवडायला त्यांनी सभा भरवली, तिथेही बाहुली ताईवोच्या मांडीवर!

"बाहुलीशी बोलणारी आमचं काय ऐकणार?" एक म्हातारा खेकसला.

"काका, जी कधी बोललीच नाही, तिचं चाळीस वर्षं ऐकतेय. तुम्ही तर ओरडता!"

प्रतिनिधी म्हणजे तरी काय? समोर नसलेल्याच्या वतीनं हात वर करणारं माणूस.

ताईवोसाठी म्हाताऱ्यासकट सगळ्यांनी हात वर केला. ताईवोला धरून माणसं बावीस, हात तेवीस. पुन्हा मोजले, तेवीसच. मग कुणीच ताईवोच्या मांडीकडे बघेना.