विशाखाने अडवलेला गोळा

विशाखा गेल्याचं मला जालन्याच्या बसस्थानकावर कळलं. मंठ्याहून येऊन मी तिथे उतरले होते, संभाजीनगरची गाडी लागायची होती आणि पिशवीत तिच्यासाठी धपाटे होते. तिला ते चालणार नव्हते. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, पण तिने मागितले म्हणून मी सकाळी थापले होते. तिचा धाकटा भाऊ प्रदीप फोनवर म्हणाला, "ताई, आता दवाखान्यात येऊ नको. आम्ही तिला भोकरदनला घेऊन निघून राह्यलो. तू तिकडंच ये." मी बरं म्हटलं. मग एका माणसाला विचारलं की भोकरदनची गाडी कुठे लागते. शाळकरी वयापासून मी त्याच जागेवरून ती गाडी धरत आले आहे. रडू वगैरे काही आलं नाही. आजारपण इतकं लांबलं होतं की आम्ही सगळेच थकून गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर गाडीत खिडकीची जागा मिळाली तशी मला झोप लागली.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भोकरदनला बरीच माणसं जमली होती. बुद्धवंदना झाली, मग चार जण बोलायला उभे राहिले. प्रत्येकाने सांगितलं की विशाखाताई मोठ्या शास्त्रज्ञ होत्या, त्यांच्यावर अन्याय झाला, पण शेवटी त्याच बरोबर ठरल्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हाताने नको म्हटलं. अंगात त्राणच नव्हतं. पण परतताना मनाला ते लागून राहिलं, कारण गोष्ट तशी नाही. विशाखा बरोबर ठरली नाही. तिच्या मैत्रिणीने तरी हे नीट सांगायला हवं...

आम्ही दोघी भोकरदनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याची पोर, रोज गाडीने येणारी. ती तिथल्याच एका गुरुजींची मुलगी. त्यांच्या घरी बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि भिंतीला टेकून पुस्तकंच पुस्तकं. मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे जेवायला जायचे. ह्यावरून आमच्या घरात कुरकुर झाली होती, कुणाच्या घरी जेवतेस म्हणून. मी ती कुरकुर एका कानाने ऐकली आणि जेवत राहिले, कारण एक तर विशाखा माझी मैत्रीण होती आणि दुसरं म्हणजे तिच्या आईच्या हातची डाळवांग्याची भाजी आमच्या घरी कुणाला जमत नव्हती. गुरुजी आम्हा दोघींना एकाच सुरात रागवायचे. मी शिक्षिका झाले त्यात त्या रागावण्याचा वाटा मोठा आहे.

विशाखा इंजिनिअर झाली, मग आणखी शिकली आणि शेवटी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर एका संस्थेत लागली. तिथे खोल समुद्रात माणसं घेऊन जाणाऱ्या छोट्या पाणबुड्यांचं काम चालायचं. मी तिला चिडवायचे, "उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावची तू, तुला एवढ्या पाण्याची भूक लागली कशी?" ती म्हणायची, भूकच म्हण. सुट्टीत आली की माझ्या मंठ्याच्या शाळेत एक दिवस यायची. एकदा तिने मुलींना कोंबडीचं अंडं मुठीत धरून सगळ्या बाजूंनी सारखं दाबायला लावलं. फुटलं नाही. मोठ्या वर्गातल्या दांडग्या मुलीनेही दाबलं, तरी फुटलं नाही. मग जिच्या बोटात अंगठी होती तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्या क्षणाला वर्गात बलक सांडला. शाळेत अंडं आणलं कुणी, ह्यावर मला नंतर दोन पालकांना उत्तरं द्यावी लागली, तो भाग वेगळा.

अंड्याचं निमित्त करून तिने जे सांगितलं ते मात्र मुलींच्या लक्षात राहिलं. माझ्याही राहिलं. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं की आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या ओझ्याइतकं आणखी एक ओझं वाढतं. हजारो मीटर खाली ते किती होत असेल ह्याचा विचार करून बघा. पण नुसत्या ओझ्याने पाणबुडी मरत नाही, विशाखा म्हणायची. माणसं बसतात तो भाग गोळ्यासारखा करतात, कारण गोल वस्तू सगळीकडून आलेला दाब सगळीकडे वाटून घेते. मरण येतं ते जिथे हे वाटून घेणं बिघडतं तिथे. गोळा कुठे केसभर चपटा राहिला, जोडाच्या आत बारीक पोकळी राहिली, काचेची खिडकी आणि धातूची चौकट दाबाखाली कमीजास्त आकसली, की त्या जागेवर सगळा भार गोळा होतो. आणि मग जे होतं ते इतक्या लवकर होतं की आतल्या माणसाला काही झालं हेही कळत नाही. विशाखाने लगेच पोरींना फळा पुसायला सांगितलं.

तिच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तिने मला भोकरदनच्या घराच्या गच्चीवर सांगितली होती. लोकांना वाटतं की जी पाणबुडी अनेकदा खाली जाऊन सुखरूप वर आली, ती भरवशाची. तिचं म्हणणं उलटं होतं. प्रत्येक बुडीत धातू दबतो, वर आला की सुटतो. असं पुन्हा पुन्हा झालं की तो थकतो. आत एखादी बारीक भेग असली तर ती प्रत्येक वेळी कणभर पुढे सरकते आणि बाहेरून गोळा पहिल्या दिवसासारखाच चकाचक दिसतो. "वर आली म्हंजे चांगली असं न्हाई," ती म्हणाली, "वर आली म्हंजे एवढ्या वेळेस आली, इतकंच."

तिच्या चमूत एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळे पाळायचे. गोळा तपासून जो सही करील, त्याने पुढच्या पहिल्या बुडीत स्वतः आत बसायचं. विशाखा अशी अनेकदा बसली होती. पाय पोटाशी घेऊन, अंधारात, पाणबुडी चालवणाऱ्या मुरुगनच्या मागे. मुरुगन तिच्याहून पुष्कळ लहान, तिला अम्मा म्हणायचा. वर आली की मला फोन करायची आणि खाली काय दिसलं ते सोडून आत पाय किती अवघडले तेच सांगायची.

मग तो गोळा तपासणीला आला. ठरवलेल्या बुड्या त्याच्या झाल्या होत्या, आणखी काही बुड्या त्याच्याकडून करून घ्यायच्या होत्या. नवा गोळा तयार व्हायला वेळ होता, वरून घाई होती. खिडकी ज्या धातूच्या चौकटीत बसते त्या बैठकीजवळ तपासणीच्या यंत्रावर काहीतरी दिसलं. भेग असेल, नसेलही. धातूच्या कणांची नुसती ठेवणही तशी दिसते म्हणे. विशाखाने सांगितलं, खिडकी काढून बैठक उघडून बघू. त्यात कित्येक महिने जाणार होते आणि त्या मोसमाचं सगळं काम बुडणार होतं. बाकीच्यांनी सांगितलं की हा इतक्या वेळा जाऊन आला आहे. तिने सही केली नाही. काम थांबलं. आणि त्या रीतीमुळे एक कुजबुज सुरू झाली, जी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी झाली नसती. सही केली तर आत बसावं लागतं, म्हणून बाई सही करत नाही. बाई घाबरली.

हे तिला फार लागलं. कामावरून बाजूला केलं, एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, त्याचंही इतकं लागलं नाही. तिने साहेबांना जाऊन सांगितलं होतं की मी आत बसते, सही मात्र करत नाही. ते म्हणाले, मग चालवणार कोण? मुरुगनच ना? ती सही न करताच बाहेर आली. "माझा जीव मी टाकून देईन, माझा हाय तो," मला म्हणाली. "मुरुगनचा कसा टाकू?" आणि मुरुगनच तिच्यावर सगळ्यात जास्त चिडला होता, कारण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात खोल बुडी तिने रद्द केली होती. त्याने तिच्याशी बोलणं सोडलं. वर्षभराने ती मुदतीआधी निवृत्त होऊन भोकरदनला भावाकडे आली. गावात विचारायचे, का आल्या? ती म्हणायची, आले.

काही वर्षांपूर्वी दूरच्या महासागरात हौशी प्रवाशांना घेऊन गेलेली एक पाणबुडी खाली चिरडली गेली. ती बातमी तुम्हीही वाचली असेल. त्या आठवड्यात विशाखाचा फोन थांबेना. गावातल्या वार्ताहरापासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे सांगू लागले की तुम्ही बरोबर होता. मीही भोकरदनला गेले आणि तेच म्हणाले. ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. त्या पाणबुडीचं अंग धातूचं नव्हतं, धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेलं होतं. ते थर प्रत्येक बुडीत आतल्या आत सुटत जाऊ शकतात, त्यांचं दुखणंच वेगळं. "तिकडं पाच माणसं गेली, अन् तुम्ही मला बराबर ठरवून राह्यले?" ती म्हणाली. मी चहा न घेता परत आले. दोन दिवसांनी तिनेच फोन केला, चहाचं विचारायला. पण गावाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि पुण्यानुमोदनाला जे बोललं गेलं ते त्या आठवड्यातलंच होतं.

आणि आता राहिलेली गोष्ट. मागच्या वर्षी, तिचे उपचार सुरू असताना, एका रविवारी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. मुरुगनचा फोन आला. इतक्या वर्षांनी. तिने मला ऐकू यावं म्हणून फोन पलंगावर ठेवला. तो तुटक हिंदीत सांगत होता. संस्थेने तो जुना गोळा शेवटी दाबाच्या टाकीत घातला होता. पुन्हा पुन्हा दाबला, सोडला, तिने अडवलेल्या बुड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. गोळा टिकला. मग कापून बघितला. भेग नव्हतीच. अम्मा, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं, म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तिने खिडकीच्या बैठकीबद्दल एकदोन प्रश्न विचारले, त्याच्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

ह्या एका नकारापायी हिचं काम गेलं, नाव गेलं, लोक घाबरट म्हणाले, आणि आता हे. मी म्हटलं, मग सही केली असतीस तर काहीच झालं नसतं. ती म्हणाली, "न्हाई झालं असतं." मग म्हणाली, "वाईट वाटून राह्यलं गं. खूप वाटून राह्यलं. पण टिकतो हे आज कळलं. सही तवा मागितल्ती." तिचं बोलून संपलं नव्हतं. "चुकायचं दोन प्रकारे असतंय बघ. एकात गोळा धक्क्यावर पडून राहतो. दुसऱ्यात तो वर येत न्हाई. मला चुकायचंच असंल तर पहिलं चुकायचं होतं. उद्या पुन्हा विचारलं, तरी मी सही करणार न्हाई." मग ती कूस बदलून झोपली. औषधांनी तिला फार थकवा यायचा.

हे मी कार्यक्रमात उभं राहून सांगितलं असतं तर लोकांना आवडलं नसतं. बरोबर ठरलेल्या माणसाबद्दल बोलणं सोपं असतं.

ह्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या शाळेच्या मागच्या बाजूच्या जुन्या खोलीचा प्रश्न आला. छताला, तुळईच्या टोकाशी, एक चीर आहे. बघायला आलेला इंजिनिअर तोंडी म्हणाला, चालेल. लिहून कोण देणार, तर मुख्याध्यापिका म्हणून मी. शाळा समितीचे अध्यक्ष सज्जन माणूस, दरवर्षी पदरचे पंखे देणारे. ते म्हणाले, "बाई, इतके पावसाळे गेले, काही झालं का? तुम्ही उगंच भिऊन राह्यले." मी लिहून दिलं नाही. खोलीला कुलूप लावलं. आता दोन तुकड्या एका वर्गात दाटीवाटीने बसतात, पालक तक्रार करतात, दोन शिक्षिका माझ्याशी धड बोलत नाहीत आणि संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो. शिवाय खोली दुरुस्त कधी होईल ते कुणी सांगत नाही.

रोज सकाळी फाटक उघडून आत आले की माझी नजर आधी त्या खोलीकडे जाते. ती उभी असते. ती उभी दिसली की मला हायसं वाटतं आणि त्याच वेळी लाजही वाटते, की आजही मी सगळ्यांसमोर खोटी ठरले. विशाखाने ही लाज किती वर्षं एकटीने सोसली, ते मला तिच्या मागे कळतंय. परवा अध्यक्षांनी फाटकाशीच विचारलं, "काय बाई, पडली का खोली?" मी म्हटलं, "न्हाई पडली." ते हसले, मीही हसले आणि दोन्ही तुकड्यांची हजेरी घ्यायला वर्गात गेले.