फेलिक्सची मिशी आणि लाल अकॉर्डियन

ल्युतोमेरजवळच्या आमच्या गावात स्लाव्का लोकांचे केस कापते आणि संध्याकाळी तीन मैत्रिणींबरोबर अकॉर्डियन वाजवते. बाई मोठी खमकी. खुर्चीत कुणी हललं, तर कान जाईल म्हणून दम देते. पण यंदा त्यांची पोल्का ही नाचाची धून रेडिओच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढली आणि या बाईची झोपच उडाली.

त्यात तिचा नवरा फेलिक्स. त्याच्या अग्निशमन दलाच्या जत्रेत वाइन पोटात गेल्यावर गावादेखत बोलून बसला, "हिचं गाणं पहिलं आलं तर मिशी उतरवीन." अहो, लग्नाच्या फोटोत आधी त्याची मिशी दिसते, मग नवरदेव! स्लाव्काला ती कधीच आवडली नाही, सूपमध्ये बुडते म्हणून.

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिच्या केस कापायच्या दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर लाल अकॉर्डियनचं चित्र बसवून दिलं. त्यावर टिचकी मारली की थेट यादी उघडायची. "रोज बघ नि रोज रड," म्हणाला. तीही बघायचीच. कुणाच्या डोक्याला रंग लावला की मार टिचकी. यादीखाली आठवड्यातून एकदा मत द्यायचं बटण होतं, पण आपणच आपल्याला मत द्यायचं म्हणजे शोभतं का? तिनं त्याला बोट लावलं नाही.

मतदानाच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत मतं घेणार होते. चर्चमधून येऊन बघते तर दुसरा नंबर, तोही एका मतानं मागे. गेली लाज चुलीत, म्हणत तिनं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'या संगणकावरून या आठवड्याचं मत याच गाण्याला मिळालं आहे.'

दुकानाची किल्ली दोघांकडेच. ती तशीच अंगणात गेली. फेलिक्स फोनवर दलातल्या कुणालातरी झापत होता, सॉसेज नंतर गिळ, आधी मत दे. तिला पाहून त्यानं फोन खिशात घातला.

"दर आठवड्याला तूच मत देतोस?"

"मग काय शेजारी देणार?"

"अरे, मग ती पैज कशाला मारलीस?"

"तुमची पोल्का कोण ऐकतंय? पण माझी मिशी जाणार म्हटल्यावर अख्खं गाव मत देईल, एवढी अक्कल आहे मला."

स्लाव्काला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

बाराला गाणं पहिलं आलं. सगळं दल खिडकीला नाक लावून उभं राहिलं. स्लाव्कानं त्याला खुर्चीत बसवून फेस लावला. मग वस्तरा उचलला.

"हलू नकोस, कान जाईल," ती म्हणाली.

मिशी गेली, आणि तिनं भर खिडकीसमोर त्या कोऱ्या ओठांचा मुका घेतला.