मेक्सिकोची गाणी ऐकणारा मुकादम

आमच्या मुकादमाइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही, आणि निघालाच तर तो त्याचा सख्खा भाऊ निघेल. दरवर्षी पेठकडच्या डोंगरातून पंधरा-वीस बायामाणसं घेऊन तो माझ्या द्राक्षबागेत उतरायचा. कात्री चालवावी तर त्यानंच. पण तोंड! मी एक बोललो की हा चार सुनावणार. डोक्यावर ही एवढी रुंद गवती टोपी, कुठून पैदा केली देव जाणे, आणि खिशातल्या मोबाइलवर दिवसभर मेक्सिकोची गाणी. हो, मेक्सिकोची!

कुठल्याशा व्हिडिओत त्याला अमेरिकेतल्या द्राक्षबागा दिसल्या आणि त्यांत राबणारी मेक्सिकोची माणसं. झालं, तेव्हापासून ते याचे सगेसोयरे. "आपलीच माणसं हायेत शेठ, फक्त लय लांब गेलीत," म्हणायचा. गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण बायांना अर्थ सांगायचा. गाणं रडकं असो की नाचरं, अर्थ ठरलेला: "हा म्हणतो, गावाला सण हाय अन् शेठ सुट्टी देत नाय." बाया खिदळायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा ओरडलोच, "अरे, त्या गाण्यांत एखादी बाई-बिई नसते का रे?" तर म्हणाला, "असती ना. तीबी गावालाच हाय."

गेल्या हंगामात मात्र तो खरंच सुट्टी मागायला आला. त्यांच्या गावात होळीनंतर बोहाडा असतो. देवांचे मुखवटे घालून माणसं नाचतात. एकेक सोंग एकेका घराचं, नाचायचंही त्याच घरातल्या माणसानं. याच्या घरचं नरसिंहाचं. बाप थकल्यापासून हाच नाचायचा. "दोन दिवस द्या, शेठ," म्हणाला. नेमका माल परदेशी जायचा होता. मी असा भडकलो! "नाचायला जातोस? जा, आणि पुन्हा बागेत पाय ठेवू नकोस!" तो गेला नाही. मुकाट्यानं माल काढून दिला. ते दोन दिवस गाणं वाजलं नाही, आणि मला गाढवाला वाटलं, आला ठिकाणावर. त्या मालाचा कंटेनर पुढं तीन दिवस बंदरावर नुसता उभा होता.

यंदा तो आलाच नाही. फोनही उचलेना. चांगलं खडसावायचं म्हणून मी गाडी काढली आणि त्याचं गाव गाठलं. त्यानं अंगणात बाज टाकली, चहा दिला. एकदम शांत. तेच मला सोसवेना. भांड की लेका! शेवटी म्हणाला, "राग नाय, शेठ. सोंग शेजारच्यानं नाचवलं. बापाला दिसत नव्हतं, पुढंच बसवला होता. घुंगरं ऐकून म्हणला, सोंग आपलं हाय, पण पाय आपले नायत. उठला अन् घरी गेला. पावसाळ्यात वारला."

कपबशी बाजेखाली ठेवली. मग म्हणालो, "यंदाच्या बोहाड्याला येऊ का मी?"

"या की," तो म्हणाला. "पण बाग सोडून तुम्हाला जमंल का?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.